द्राक्षातील आरोग्यवर्धक द्रव्ये : साल, बी व रंग यांचे महत्त्व

द्राक्ष हे महाराष्ट्रातील एक प्रमुख नगदी फळपीक होय. नाशिक, सांगली, सोलापूर व पुणे या जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबांचा चरितार्थ या पिकावर अवलंबून आहे. बाजारात द्राक्षाची पारख मण्याचा आकार, गोडी, घडाचा एकसारखेपणा व टिकाऊपणा या चार गोष्टींवरून केली जाते आणि बागाईतदारही त्याच धोरणाने बागेची मशागत करितात. अलीकडे मात्र ग्राहक आणखी एक प्रश्न विचारू लागला आहे. काळी द्राक्षे पांढऱ्यांपेक्षा आरोग्यास अधिक हितकर असतात काय? बिया थुंकाव्यात की चावून खाव्यात? द्राक्षाच्या रसाने अमुक रोग बरा होतो, असे म्हणतात ते कितपत खरे?

हे प्रश्न गावपातळीवरील कार्यकर्त्यांकडेही येतात. त्यांची उत्तरे देण्यासाठी ही द्रव्ये मण्याच्या कोणत्या भागात असतात, वाणपरत्वे त्यांचे प्रमाण कसे बदलते, मशागतीचा त्यांवर काय परिणाम होतो आणि त्यांच्याविषयी किती दावा करणे रास्त आहे, हे जाणून घेणे आवश्यक आहे.

मण्याचे तीन भाग

द्राक्षाच्या मण्याचे साल, गर व बी असे तीन भाग पडतात. साखर, आम्ल व पाणी मुख्यत्वे गरात असते. आरोग्यवर्धक म्हणून ज्यांची ख्याती आहे ती फिनॉल वर्गातील द्रव्ये मात्र गरात फारच थोडी असतात. मण्यातून काढता येणाऱ्या एकूण फिनॉल द्रव्यांपैकी सुमारे ६० ते ७० टक्के बियांत, २८ ते ३५ टक्के सालीत व जेमतेम १० टक्के किंवा त्याहूनही कमी गरात आढळतात. बियांचे वजन मण्याच्या एकूण वजनाच्या अवघे काही टक्के असते, हे ध्यानात घेतल्यास या छोट्याशा भागाचे महत्त्व पटेल.

बियांत मुख्यतः कषायद्रव्ये, म्हणजे टॅनिन, असतात. बी चावल्यावर जिभेला जो तुरटपणा जाणवतो तो यांचाच. रंगीत वाणांच्या सालीत अँथोसायनिन नावाची वर्णद्रव्ये असतात. तांबडा, जांभळा व काळा हे रंग त्यांच्यामुळे येतात. तांबूस वाणांत या वर्णद्रव्यांचे सायनिडिन व पिओनिडिन हे प्रकार अधिक असतात, तर काळ्या वाणांत माल्व्हिडिन या प्रकाराचे प्राबल्य असते. याखेरीज सालीत क्वेर्सेटिन हे फिकट पिवळे द्रव्य असून उन्हाच्या बाजूच्या मण्यांत ते अधिक तयार होते. सालीवर जो पांढरट मेणाचा थर दिसतो त्यात ओलिॲनोलिक आम्ल मोठ्या प्रमाणावर असते. हा थर नैसर्गिक आहे. त्यास औषधाचा डाग समजून मणी चोळून काढण्याचे कारण नाही.

रेझव्हेराट्रॉल या द्रव्याचा बराच बोलबाला झाला आहे. १९७६ मध्ये द्राक्षवेलीच्या पानांत ते आढळून आले. बुरशीचा हल्ला, इजा किंवा अतिनील किरण यांना तोंड देण्यासाठी वेल ते स्वतःच्या रक्षणार्थ तयार करते. मण्यात ते प्रामुख्याने सालीत असते. याच न्यायाने पाहता, ज्यांना आपण आरोग्यवर्धक द्रव्ये म्हणतो ती बहुतेक सर्व वेलीची स्वसंरक्षणाची साधने होत. मनुष्याला त्यांचा लाभ होतो तो आनुषंगिक.

वाणावाणांतील फरक

महाराष्ट्रात व लगतच्या प्रदेशात होणाऱ्या वाणांचे या दृष्टीने चार गट करता येतील.

*पहिला गट : पांढरे बिनबियांचे वाण.* थॉम्पसन सीडलेस व त्यापासून निवडलेले तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन हे वाण या गटात येतात. राज्यातील बहुतांश क्षेत्र याच गटाखाली आहे. या वाणांत अँथोसायनिन नसते. सालीत रंग निर्माण करण्याची आज्ञा देणारे जनुक पांढऱ्या द्राक्षांत बंद पडलेले असते, असे २००४ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. बी नसल्याने बियांतील कषायद्रव्येही मिळत नाहीत. सालीतील क्वेर्सेटिन व गरातील अल्प फिनॉल द्रव्ये एवढीच या गटाची शिदोरी होय. खाण्यास सोयीचा व बाजारास प्रिय असलेला हा गट फिनॉल द्रव्यांच्या बाबतीत सर्वांत मागे आहे.

*दुसरा गट : रंगीत बिनबियांचे वाण.* शरद सीडलेस, फ्लेम सीडलेस व क्रिमसन सीडलेस ही याची उदाहरणे. शरद सीडलेस हा किश्मिश चोर्नी या वाणातील नैसर्गिक बदलातून निवडला गेला असून त्याचे श्रेय सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथील बागाईतदार नानासाहेब काळे यांना जाते. या गटात सालीतील वर्णद्रव्यांची भर पडते. बियांचा वाटा मात्र नसतो.

*तिसरा गट : बियांचे रंगीत वाण.* बेंगळुरू परिसरात होणारा बेंगलोर ब्लू हा वाण सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याच्यात अमेरिकी द्राक्षजातीचा अंश असल्याने त्याला विशिष्ट उग्र गंध असतो, साल जाड असते व ती गरापासून सहज सुटते. साल व बी या दोहोंमुळे हा वाण फिनॉल द्रव्यांनी समृद्ध आहे. परंतु खाणारा बहुधा गर चोखून साल व बी थुंकून टाकतो. म्हणजे ज्यासाठी फळ घ्यावे तेच फेकले जाते. या गटाचा खरा उपयोग रसासाठी होय. कॅबर्ने सोव्हिन्यों, शिराझ यांसारखे वाइनचे वाणही याच गटात मोडतात. त्यांचे मणी लहान, बियांचे व जाड सालीचे असतात.

*चौथा गट : गरातही रंग असणारे वाण.* सामान्यतः काळ्या द्राक्षाचा गर रंगहीन असतो. काही थोड्या वाणांत मात्र गरही रंगीत असतो. नवी दिल्ली येथील भारतीय कृषि संशोधन संस्थेने विकसित केलेला पुसा नवरंग हा असा वाण आहे. पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने पुसा नवरंग व फ्लेम सीडलेस यांच्या संकरातून मांजरी मेडिका हा वाण तयार केला. तो वर्णद्रव्यांनी समृद्ध असून मुख्यतः रसासाठी योजिलेला आहे. रंग गरातच असल्याने साल गाळून टाकली तरी रसात वर्णद्रव्ये शिल्लक राहतात, हा या गटाचा विशेष होय.

मण्याचा आकार व सालीचा वाटा

वाण एकच असला तरी मणी लहान की मोठा यावर सालीचा वाटा ठरतो. १२ मि.मी. व्यासाच्या मण्यात वजनाच्या मानाने सालीचे क्षेत्र १८ मि.मी. व्यासाच्या मण्याच्या दीडपट असते. कारण व्यास वाढला की पृष्ठभाग वर्गाच्या व घनफळ घनाच्या प्रमाणात वाढते. जिब्रेलिक आम्लाच्या वापराने, विरळणीने व खोडाची साल वर्तुळाकार काढण्याने मणी फुगतो. त्यात गर व पाणी वाढते, पण त्या प्रमाणात साल वाढत नाही. दर किलो द्राक्षामागे फिनॉल द्रव्ये विरळ होतात ती यामुळे.

याचा अर्थ मोठा मणी घेऊ नये असा नाही. निर्यातीचा दर मण्याच्या आकारावर ठरतो व बागाईतदाराचा संसार त्या दरावर चालतो. परंतु घरच्या मुलाबाळांसाठी राखावयाच्या चार वेलींना, किंवा रसासाठी लावलेल्या बागेस, मणी फुगविण्याचा खटाटोप करण्याची गरज नाही. तेथे लहान मणी हा दोष मानू नये.

मशागत व हवामान यांचा परिणाम

वर्णद्रव्ये तयार होण्यास मण्यात पाणी उतरल्यापासून सुरुवात होते. त्यापुढील काळातील हवामान व मशागत निर्णायक ठरते.

तापमान : दिवसाचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्यास वर्णद्रव्यांची निर्मिती मंदावते व तयार झालेली द्रव्येही नाश पावतात. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीस उशीर झाल्यास फळ मार्च-एप्रिलच्या उन्हात सापडते आणि रंगीत वाणाचे घड अर्धवट तांबूस राहतात. म्हणून रंगीत वाणांची छाटणी वेळेवर उरकणे विशेष महत्त्वाचे आहे.

प्रकाश : घडावर विरळ, गाळलेला प्रकाश पडावा. दाट पानांखाली रंग चढत नाही, तर थेट उन्हाने मणी भाजतात. दोहोंचा मेळ राखून पाने विरळ करावीत.

घडांची संख्या : वेलीच्या ताकदीपेक्षा अधिक घड ठेविल्यास साखर व रंग दोन्ही मागे पडतात. नत्राचा अतिरेक झाला तर वेल पानाफुटीकडे धावते व रंग फिका राहतो.

पाणी : मण्यात पाणी उतरल्यानंतर सिंचन बेताने कमी केल्यास रंग सुधारतो. मात्र ताण इतकाही देऊ नये की मणी सुकू लागतील.

पांढऱ्या वाणांच्या बाबतीत थंडीच्या दिवसांत एक वेगळीच अडचण उद्भवते. दिवस उबदार व रात्र फार थंड असली की मण्यांवर गुलाबी छटा येते व असा माल निर्यातीस नाकारला जातो. घडांना कागद गुंडाळून बागाईतदार हा दोष टाळतात. गुलाबी छटा म्हणजे अधिक गुणकारी फळ, असा समज कोणी करून घेऊ नये. असे मणी पुढे मऊ पडतात व टिकत नाहीत.

ज्या सालीत गुण, त्याच सालीवर औषध

आतापर्यंतच्या विवेचनावरून साल खाणे हितकर, असे दिसून येते. परंतु भुरी, केवडा व किडी यांच्या बंदोबस्तासाठी फवारलेली औषधेही प्रथम सालीवरच बसतात. केळे किंवा संत्रे सोलून खाल्ले जाते. द्राक्ष सालीसकट खाल्ले जाते. म्हणून औषधांच्या अंशाचा प्रश्न द्राक्षात इतर फळांहून अधिक जिव्हाळ्याचा आहे. सालीचे गुण सांगावयाचे आणि तिच्यावरील औषधाकडे कानाडोळा करावयाचा, हे ग्राहकाशी प्रामाणिकपणाचे होणार नाही.

२०१० च्या हंगामात युरोपला गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचा अंश तेथील मर्यादेपेक्षा अधिक आढळला. माल अडला आणि अनेक बागाईतदार व निर्यातदारांना मोठा आर्थिक फटका बसला. हे द्रव्य वेलीची अनावश्यक वाढ रोखण्यासाठी वापरले जात होते. ते वेलीच्या अंगात मुरते व पुढे मण्यात उतरते. या प्रसंगावरून दोन धडे घ्यावयाचे आहेत. पहिला असा की, अंगात मुरणारी औषधे धुऊन जात नाहीत. वाहत्या पाण्याने धुतल्यास धूळ व पृष्ठभागावरील काही अंश तेवढा जातो. दुसरा असा की, आधीच्या अवस्थेतील वापराचा हिशेब काढणीच्या वेळी द्यावा लागतो.

निर्यातीच्या बागांची नोंदणी, नमुना तपासणी व माल कोणत्या बागेतून आला याचा मागोवा, यांसाठी अपेडाने ग्रेपनेट ही व्यवस्था २००६ पासून सुरू केली. मात्र परदेशच्या ग्राहकासाठी जी दक्षता घ्यावयाची तीच तालुक्याच्या बाजारात द्राक्षे घेणाऱ्या ग्राहकासाठीही घेतली पाहिजे. गावातील मूलही द्राक्ष सालीसकटच खाते.

यासाठी राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या चालू यादीतील, द्राक्षासाठी शिफारस केलेलीच औषधे वापरावीत. प्रत्येक औषधाची शेवटची फवारणी व काढणी यांत राखावयाचे दिवस कटाक्षाने पाळावेत. फवारणीची तारीख, औषध व मात्रा यांची नोंद वहीत ठेवावी. भाव चढला म्हणून फवारणीनंतर दोन दिवसांत घड उतरविणे, हा ग्राहकाच्या आरोग्याशी केलेला द्रोह होय.

रस, बेदाणा व मनुका

रस काढताना रंगीत मणी कुस्करून सुमारे ६० ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत गरम केल्यास सालीतील वर्णद्रव्ये रसात उतरतात. थंड कुस्करून लगेच गाळल्यास ती चोथ्यातच राहतात. तयार रस उजेड व हवा यांपासून जपावा, अन्यथा रंग तपकिरी पडतो. चोथ्यात बी व साल शिल्लक असते. बियांपासून तेल निघते व उरलेला भाग खत म्हणून उपयोगी पडतो.

बेदाणा करताना सुमारे ४ किलो द्राक्षांपासून १ किलो बेदाणा मिळतो. त्यामुळे साखर, तंतू व पोटॅशियम एकवटतात. परंतु सुकविताना फिनॉल द्रव्यांचा काही भाग नष्ट होतो व रेझव्हेराट्रॉल जवळजवळ उरतच नाही. गंधकाची धुरी दिलेला बेदाणा पिवळाधमक दिसतो. तथापि दम्याच्या काही रोग्यांना त्यातील गंधकाचा अंश बाधतो, हे विक्रेत्याने सांगणे उचित होय. बियांची मनुका चावून खाल्ली जाते, म्हणून तीत बियांतील कषायद्रव्यांचा लाभ मिळू शकतो.

किती दावा करावा ?

फिनॉल द्रव्यांचा अभ्यास प्रयोगशाळेत पुष्कळ झाला आहे. परंतु परीक्षानळीत दिसलेला गुण शरीरात तसाच दिसतो असे नाही, कारण यांपैकी बराच भाग आतड्यात शोषलाच जात नाही. रेझव्हेराट्रॉलचे उदाहरण बोलके आहे. मनुष्यावरील प्रयोगांत ते शेकडो मिलिग्रॅमच्या मात्रेत दिले गेले आहे. एक लिटर तांबड्या वाइनमध्ये २ मिलिग्रॅम द्रव्य आहे असे धरल्यास, १५० मिलिग्रॅमसाठी ७५ लिटर वाइन लागेल! वाइन आरोग्यास हितकर, हा समज १९९० नंतरच्या दशकात जगभर पसरला. परंतु मद्याची कोणतीही मात्रा निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले. द्राक्षाचे गुण हवे असतील तर फळच खावे.

फळही बेतानेच खावे. १०० ग्रॅम द्राक्षांत सुमारे १५ ते १८ ग्रॅम साखर असते. क जीवनसत्त्व मात्र थोडेच, म्हणजे सुमारे ३ मिलिग्रॅम असते. त्यासाठी पेरू व आवळा अधिक चांगले. मधुमेही व्यक्तींनी वैद्याच्या सल्ल्याने मोजकीच द्राक्षे घ्यावीत व रस टाळावा. पाच वर्षांखालील मुलांना अख्खा मणी देऊ नये. तो घशात अडकण्याचा धोका असतो. मणी उभा चिरून द्यावा.

रस किंवा बेदाणा विकणाऱ्या बचतगटांनी वेष्टनावर रोग बरा होतो असे लिहू नये. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार असा दावा करण्यास मनाई आहे. वाणाचे नाव, काढणीची तारीख व औषधांच्या अंशाची तपासणी झाली असल्यास तिचा दाखला, एवढी खरी माहिती पुरेशी आहे. तीवरच विश्वास बसतो.

गावात करून दाखविण्याचा प्रयोग

ग्रामसभेत किंवा शाळेत पुढील प्रयोग सहज करता येईल. काळ्या द्राक्षाचा एक मणी चिरून साल, गर व बी वेगळे करून दाखवावे. गर रंगहीन आहे हे सर्वांना पाहू द्यावे. मग पाच-सहा मण्यांच्या साली थोड्या कोमट पाण्यात चुरगळून पाणी गाळावे व तीन पेल्यांत वाटावे. एका पेल्यात लिंबाचा रस पिळल्यास रंग लाल होतो. दुसऱ्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घातल्यास तो निळसर-हिरवट होतो. तिसरा तुलनेसाठी तसाच ठेवावा. हा रंगबदल अँथोसायनिनमुळे होतो. पांढऱ्या द्राक्षांच्या साली घेतल्यास असा बदल दिसत नाही. वाणावाणांतील फरक समजावून देण्यास याहून सोपे साधन नाही.

सारांश

१. आरोग्यवर्धक द्रव्ये मुख्यतः बी व साल यांत असतात. गरात थोडी असतात.

२. गरातही रंग असणारे व बियांचे रंगीत वाण सर्वांत समृद्ध, रंगीत बिनबियांचे मध्यम व पांढरे बिनबियांचे सर्वांत कमी, असा सर्वसाधारण क्रम आहे.

३. वेळेवर छाटणी, बेताचे घड, गाळलेला प्रकाश व बेताचे पाणी यांनी रंग सुधारतो.

४. द्राक्ष सालीसकट खाल्ले जाते. म्हणून काढणीपूर्वीचे ठरलेले दिवस पाळणे हे बागाईतदाराचे पहिले कर्तव्य होय.

५. द्राक्ष हे चांगले फळ आहे. ते औषध म्हणून विकू नये.